काटा आणि कवळी

३ मार्च, रविवार

सकाळी रेडिओवरची मुलगी मुलाखत घ्यायला आली. दुकानामागच्या खोलीतच बसलो. पुढे मी वजनकाटे दुरुस्त करतो, मागे आमचा बँड 'गंज' वाजतो. हे पहिल्यापासून असंच आहे. आमची एकुलती एक कॅसेट कोणीतरी आता तबकडीच्या रूपात पुन्हा काढली आहे आणि सात एप्रिलला त्यानिमित्त आमचा कार्यक्रम आहे. हेवी मेटल ऐकायला आता कोण येणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, "काका, तरुण मुलंच जास्त येतील." काका म्हटल्यावर मी जरा जपूनच बोललो.

तिला सगळ्यांची ओळख करून दिली. गाणारा आणि बेस वाजवणारा घोगरा. ड्रमवर हातोडा, तो एरवी नळ दुरुस्त करतो. दोन गिटारवाले म्हणजे मी आणि कवळी. मी काटे दुरुस्त करतो म्हणून काटा. कवळी दातांच्या कवळ्या बनवतो, डाव्या हाताने वाजवतो आणि माझ्या बायकोचा मोठा भाऊ आहे. तो मेहुणा नंतर झाला, जोडीदार आधी.

मुलीने अभ्यास केला होता. म्हणाली, "तुमची सगळी गाणी दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी आहेत. पियानोवर शोधायला गेलं तर सापडत नाहीत. हे मुद्दाम केलंत का?"

मी म्हटलं, "अर्थात."

मग तिला सविस्तर सांगितलं. मावशीच्या टेपरेकॉर्डरची टेप ओढणारी चकती तुटली होती. चौदाव्या वर्षी मी पितळेची नवी चकती कानशीने घासून बनवली आणि बसवली. कोणी शिकवलं नाही. त्याच टेपवर एका परदेशी बँडची कॅसेट लावून पहिल्यांदा दोन गिटारींचं जोडीने वाजवणं ऐकलं, त्यावरूनच तारा जुळवायला शिकलो, आणि तो सूर कानात बसला तो बसलाच. आजही मला झोपेतून उठवा, तोच सूर देईन. दुकानात जसं प्रमाण वजन असतं तसा हा माझा कान.

तिने कवळीकडे माईक नेला आणि म्हणाली, "आणि तुम्ही कसे शिकलात?" तो शब्द जुळवत होता. मी मदत केली. म्हटलं, "याला अजून गिटार जुळवता येत नाही. सूर मीच देतो."

सगळे हसले. कवळीसुद्धा हसला. मुलाखत एकंदर छान झाली.

५ मार्च, मंगळवार

मुलाखतीत एक मुद्दा राहून गेला, तो इथे लिहून ठेवतो.

लोकांना वाटतं, दोन गिटार म्हणजे एक मालक आणि एक हाताखालचा. ज्या बँडांमध्ये तसं होतं, ते चांगले बँड असतील, पण ती जोडी नव्हे. थोर जोड्यांमध्ये दोघंही पुढे असतात. एकाने सा धरला की दुसरा ग धरतो आणि तिथून दोघं एकाच चालीत पळतात, जिन्यावर एक माणूस कायम दोन पायऱ्या वर असावा तसे. दोघांनी तार सारखीच ओढावी लागते, आणि तिची थरथरही सारख्याच रुंदीची लागते. हे जमलं की तिसरी गिटार ऐकू येते. ती कोणीच वाजवत नसतं. आमची तिसरी गिटार फार चांगली आहे.

वरचा सूर कवळी वाजवतो. चाल माझ्याकडे. हे कधी ठरलं ते आठवत नाही, पण योग्य ठरलं.

१० मार्च, रविवार

कवळी आला नाही. हात दुखतो असा निरोप आला. तिघांनीच वाजवलं. माझ्या डाव्या बाजूने सारखा वारा लागत होता. खिडकी उघडी होती.

तो नसल्यामुळे वेळ बराच वाचला. एरवी कवळी येतो, खिशातला नादकाटा काढतो, गुडघ्यावर आपटतो, कानाशी धरतो, तोंड वाकडं करतो, पुन्हा खिशात ठेवतो आणि मग मला म्हणतो, "एक सूर दे." नादकाट्याने कवळीतला तडा कळतो असं त्याने मला एकदा सांगितलं होतं. धंद्याची सवय. मीही जिथे जाईन तिथे टेबल समतल आहे का ते बघतोच. मग मी त्याला सहाही तारांचे सूर देतो. कधी कंटाळा केला नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "अहो, दादाला काय बोललात?"

"कुठे?"

"रेडिओवर."

"खरं तेच बोललो. का, तू ऐकलं नाहीस का? आवाज उत्तम आला होता."

ती म्हणाली, "मग बसा आता त्या आवाजाला धरून," आणि ताट जरा जोरात ठेवलं.

१३ मार्च, बुधवार

कवळीचा हात दुखत नाही. बायकोच्या आत्याची खालची कवळी कालच त्याने बसवून दिली. दोन्ही हातांनी.

त्याला फोन केला. "रविवारी येणार ना?"

"नाही."

"मग पुढच्या?"

"दुसरा बघ. ज्याला जुळवता येते असा."

मी म्हटलं, अरे, त्याचं काय एवढं, मी आहे ना सूर द्यायला. त्याने फोन ठेवला. मी तर त्याची बाजूच घेत होतो. माणसं वय वाढलं की हळवी होतात.

१७ मार्च, रविवार

गिटारचे क्लास घेणारे एक मास्तर आले. नम्र आहेत, बोटं तयार आहेत, आमची गाणी लिहून आणली होती. गिटारच्या डोक्याला त्यांनी कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं एक यंत्र लावलं. तार बरोबर जुळली की त्यात हिरवा दिवा लागतो. मी बघून घेतलं.

पहिलं गाणं सुरू केलं आणि दोन गिटारींच्या मध्ये वाँव, वाँव, वाँव असं काहीतरी सुरू झालं, रस्त्याने दूर कुठेतरी अँब्युलन्स चालावी तसं. थांबलो. मास्तरांना सौम्यपणे सांगितलं की जरा तार बघा. त्यांनी दिवा दाखवला. हिरवा. मी सांगितलं, आमच्या फ्रिजलाही हिरवा दिवा आहे.

घोगऱ्यालाही मास्तरच चुकलेले वाटले. त्याचा बेस नेहमीप्रमाणे माझ्यावरून जुळवलेला होता, म्हणजे दोघांचं मत स्वतंत्रपणे एक झालं. हातोड्याला विचारलं. तो म्हणाला, "मला नका विचारू. मी बडवतो."

तिसरी गिटार काही आली नाही. कार्यक्रम तीन आठवड्यांवर आहे. जोडी नसेल तर 'गंज' वाजवण्यात अर्थ नाही. चार माणसांचा आवाज कोणीही काढील.

२० मार्च, बुधवार

कोपऱ्यावरचा किराणावाला तराजू घेऊन आला. कमी तोलत होता. मी विचारलं, कधीपासून? म्हणाला, "वडिलांपासून." मी म्हटलं, एवढी वर्षं चुकीचं तोललंस आणि गिऱ्हाईक बोललं नाही? म्हणाला, "सगळ्यांना सारखंच चुकीचं होतं ना. भांडण कशाला होईल?"

अशा माणसांना मी उलट बोलत नाही. दुरुस्त करून दिला आणि जाताना ऐकवलं, की ज्याला आपला काटा चुकलाय हे माहीत नाही, त्याने दुकान उघडू नये.

२४ मार्च, रविवार

मास्तर दुसऱ्यांदा आले. पुन्हा वाँव, वाँव. शेवटी मी मावशीचा टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढला. चांगलं काम चांगलंच राहतं. धूळ पुसली, ज्यावरून शिकलो ती जुनी कॅसेट लावली आणि तिच्याबरोबर माझी गिटार वाजवली. एकच सूर. मास्तरांना म्हटलं, घ्या. मूळ कॅसेट आहे.

मास्तरांनी तेच गाणं फोनवर लावलं. ते वरच्या सुरात निघालं. मी समजावलं की हे फोनवाले हल्ली गाणी पळवतात, लोकांना वेळ नसतो. मास्तर बराच वेळ चकतीकडे बघत राहिले. मग त्यांनी यंत्र काढून पेटीत ठेवलं.

"तुम्ही बेसूर नाही आहात," ते म्हणाले. "कणसूर आहात, म्हणजे कणभर खाली. पण मी असा कणसूर माणूस पाहिला नाही. दोन्ही रविवारी एका केसाचाही फरक नाही. तुमच्याबरोबर वाजवायचं तर माणसाला स्वतःचं सगळं सोडून तुमच्याजवळ यावं लागेल. मला ते जमणार नाही. इतकी वर्षं कोणी केलं, त्यांना माझा नमस्कार सांगा."

ते गेले. कौतुक होतं की टोमणा, ते कळलं नाही. दोन्ही असेल.

घोगरा म्हणाला, "कवळीला बोलाव."

मी म्हटलं, "त्याला कुठे जुळवता येते?"

घोगऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच हिशोबात चुकलोय. मग बेस खोळीत घालून तोही गेला.

२७ मार्च, बुधवार

भंगारवाल्याकडे मावशीच्याच बनावटीचा एक टेपरेकॉर्डर मिळाला. त्यातली कंपनीची चकती काढली. माझी काढली. व्हर्नियरने दोन्ही मोजल्या.

माझी लहान आहे.

कंपनीची चकती मावशीच्या टेपमध्ये बसवून कॅसेट लावली. मास्तरांचा सूर आला. माझी बसवली. माझा सूर आला. पुन्हा कंपनीची. असं बऱ्याच वेळा केलं. दुपारी दुकान उघडलं नाही. बायको हाक मारत होती.

आज दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२८ मार्च, गुरुवार

सकाळी चहा घेताना बायकोला विचारलं, "मी खाली वाजवतो का?"

ती साखर ढवळत राहिली. "किंचित."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"लग्नाआधीपासून. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. आई म्हणायची, जावईबापू वाजवतात झकास, फक्त थोडे तळमजल्यावरून वाजवतात."

"मग कोणी बोललं का नाही?"

"दादाने बजावून ठेवलं होतं. म्हणायचा, त्याला कळलं तर तो गिटार ठेवून देईल. तो ठेवणार असेल तर मीही ठेवीन."

चहा थंड झाला. नादकाट्याने कवळीतला तडा कळतो की नाही, हे तिला विचारलं. ती म्हणाली, "कवळीतला तडा डोळ्यांनी दिसतो हो."

३१ मार्च, रविवार

हातोडा आणि घोगरा आले नाहीत. मी बोलावलं नव्हतं. मास्तरांकडून ते चिमट्यासारखं यंत्र उसनं आणलं आणि सहाही तारा हिरव्या केल्या. गिटार नीट वाजते. वरच्या सुरात आमची गाणी ऐकली की वाटतं, दुसऱ्याच्या घरात आपली खुर्ची ठेवलीय. पण बरोबर ते बरोबर.

हे कवळीला सांगायला जायचं आहे. काय सांगायचं ते लिहून काढायचा प्रयत्न केला. "त्या दिवशी मी जे" इथपर्यंत झालं.

२ एप्रिल, मंगळवार

गिटार पाठीला लावून कवळीच्या कामाच्या खोलीवर गेलो. खिशात पितळी चकती होती. भिंतीवर त्याची गिटार टांगलेली, खाली ओळीने प्लास्टरचे जबडे. खुर्चीवर एक आजोबा तोंडात साचा घेऊन बसले होते. साचा घट्ट होईपर्यंत त्यांना तोंड मिटता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. मला ते बरं वाटलं.

कवळी मेणात दात बसवत होता. मान वर केली नाही.

"बस. त्यांचं होऊ दे."

मी बसलो. टेबल समतल नव्हतं. मग चकती काढून त्याच्यासमोर ठेवली, आणि शेजारी कंपनीची.

त्याने दोन्ही उचलल्या, उजेडात धरल्या. दातांच्या माणसाला मोजमाप लागत नाही. "केवढा फरक आहे?"

"केसाएवढा. थोडा जास्त."

"दातात केसाएवढी चूक असली ना, तर माणसाला जेवता येत नाही."

"मग तू कसा जेवलास? इतकी वर्षं?"

त्याने एक दात मेणात दाबला, तिरका झाला, काढला, पुन्हा दाबला. "सवय होते."

"सांगायचंस ना रे."

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. नादकाटा तुझ्या कानाला लावला होता. तू म्हणालास, तुझा नादकाटा बिघडलाय, कंपनीला परत कर."

मला आठवत नाही. पण हे वाक्य माझंच आहे.

खुर्चीतून आजोबांनी काहीतरी आवाज काढला. कवळी त्यांना म्हणाला, "हलू नका. अजून थोडा वेळ." मग मला म्हणाला, "कशाला आलास?"

पाठ केलेल्या 'त्या दिवशी मी जे' याच्या पुढे काही नव्हतं. मी गिटार खोळीतून काढली. म्हटलं, "एक सूर दे."

कवळीच्या हातातलं मेणाचं काम खाली आलं. असं वाक्य माझ्याकडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. मीही ऐकलं नव्हतं. त्याने हात पुसले, भिंतीवरची गिटार काढली, एक तार छेडली. मी माझी छेडली.

वाँव, वाँव, वाँव.

आजोबांनी दोन्ही कान धरले.

"तू वर कसा?" कवळीने विचारलं.

"मी बरोबर करून आणली. तू खाली कसा?"

"मी कुठे हलवलीय? तू दिलेल्या सुरात आहे. तीन मार्चपासून हात लावला नाही."

"मग मी खाली येतो."

"नको, नको. एवढं बरोबर करून आणलंस. मी वर येतो."

"तू कशाला? चूक माझी आहे."

हे मी बोललो. बोलायला अवघड गेलं नाही, कारण नजर खुंट्यांवर होती. तोही खुंट्या पिळत होता. दोघांनी मिळून पुन्हा छेडली.

तो वर पोचला होता. मी खाली पोचलो होतो. पुन्हा तितकंच अंतर.

कवळी हसायला लागला. तो हसला की खांदे हलतात आणि वाजवताना तार चुकते, म्हणून स्टेजवर मी त्याला हसवत नाही. आजोबा साच्यातून हँ हँ हँ करत होते. त्यांचा साचा वाया गेला. कवळीने त्यांना पाणी दिलं, गुळण्या करायला लावल्या, माफी मागितली. बोलता यायला लागल्यावर ते पहिलं वाक्य म्हणाले, "तुम्ही दोघं अगोदर ठरवून घ्या बुवा. मी उद्या येतो."

निर्णय शेवटी घोगऱ्याच्या घशाने घेतला. त्याला तिथूनच फोन केला. तो म्हणाला, वरच्या सुरात गायचं तर सात तारखेला माझ्या जागी माझा फोटो ठेवा. खालीच राहा.

कवळीने गिटार खाली आणली. मग एकत्र वाजवलं, अँपशिवाय, मेणाच्या वासात. पहिल्याच ओळीला तिसरी गिटार आली. आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

निघताना त्याने पितळी चकती परत केली नाही. म्हणाला, "राहू दे. मला सूर हुकला तर लागेल."

८ एप्रिल, सोमवार

काल कार्यक्रम झाला. सभागृह पूर्ण भरलं नाही, पण जे आले ते बसले नाहीत. मास्तर पहिल्या रांगेत होते, यंत्र आणलं नव्हतं. हातोड्याने एक काठी मोडली, घोगरा शेवटच्या गाण्यापर्यंत टिकला. कवळी नेहमीप्रमाणे डावीकडे आणि मी उजवीकडे, आमच्या गिटारींच्या माना आतल्या बाजूला, मध्ये जागा मोकळी. ती जागा तिसरीची. दुसऱ्या गाण्यात मी तार जास्त ओढली. मी वळून बघायच्या आत तोही तेवढीच ओढून बसला होता. हे तो कसं करतो, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारीन.

खाली उतरलो तर रेडिओवरची मुलगी माईक घेऊन उभी. सगळ्यांच्या देखत तिने पुन्हा तोच प्रश्न काढला, तुमच्या या सुराचं रहस्य काय?

मी माईक जवळ घेतला. म्हटलं, "मला अजून गिटार जुळवता येत नाही. सूर हा देतो."

सगळे हसले. कवळी हसला नाही. त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला, जिथे नादकाटा असतो. आता तिथे चकतीही असते. मग म्हणाला, "चल, अँप उचलू. माझी कंबर धरलीय."

आज सकाळी ते रेडिओवर लागलं. आवाज उत्तम आला. बायको म्हणाली, "किंचित खाली वाटला."